११,८०० रुपये लॅप्स

मागच्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री शटर अर्धं ओढून दुकानात बसलो होतो, डिस्ट्रिब्यूटरनं पाठवलेलं लेजर आणि आमची खरेदीची बिलं एकाला एक लावून बघत होतो, दरवर्षी करतो तसंच. सगळं जुळत आलं आणि शेवटच्या पानावर एक ओळ दिसली. को-ऑप मार्केटिंग सपोर्ट, ११,८०० रुपये, आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात लॅप्स, म्हणजे मुदत संपून बुडालेले. अप्पा गल्ल्यावर नोटा मोजत होते, त्यांना विचारलं हे काय हो, तर मान वर न करता म्हणाले, "ते कंपनीचं काहीतरी असतंय, आपल्याला काय त्याचं."

मला झोप आली नाही त्या रात्री. अकरा हजार आठशे म्हणजे आमच्या दुकानातल्या पोराचा महिन्याचा पगार जवळजवळ. आणि नंतर जेव्हा कळलं की हे पैसे कुणी दान म्हणून देत नव्हतं, ते आमच्याच खरेदीवर जमा झालेले होते, तेव्हा जास्त लागलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, सोलापुरात, पंढरपूर-बार्शीकडं, कुठंही सर्जिकलचं दुकान असलेल्या माणसासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, तुमच्या मोबाईलच्या, पंख्याच्या, रंगाच्या दुकानातही हाच प्रकार असतो.

आधी आमचं दुकान सांगतो. सिव्हिल हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर, साधा दोन गाळ्यांचा माल. वॉकर, कमोड चेअर, व्हीलचेअर, एअर बेड, नेब्युलायझर, बीपी मशीन, शुगरच्या स्ट्रिप, कमरेचा बेल्ट, नी कॅप, डायपर, युरिन बॅग. गिऱ्हाईक निम्मं शहरातलं आणि निम्मं बाहेरचं, अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, नळदुर्ग, आणि तिकडं कर्नाटकातून इंडी, अफझलपूर, आळंदकडची माणसं सिव्हिलला नाहीतर खाजगी दवाखान्यात पेशंट घेऊन येतात, डिस्चार्ज मिळाला की डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन विचारत विचारत आमच्याकडं. त्यांना दुकान सापडलं पाहिजे हीच आमची जाहिरात. अप्पांनी तीस वर्षं एका बोर्डवर काढली आणि ते चाललं कारण तेव्हा या भागात दुकानंच मोजकी होती.

आता तसं नाही. मोबाईलवर वॉकर मागवता येतो. आणि २०२१ च्या जुलैमध्ये सरकारनं पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंच्या ट्रेड मार्जिनवर, म्हणजे विकणाऱ्यांच्या नफ्यावर, ७० टक्क्यांची मर्यादा घातली, गिऱ्हाईकाच्या बाजूनं ते बरोबरच होतं, करोनात काय भावानं ऑक्सिमीटर विकले गेले ते सगळ्यांनी बघितलंय. पण त्यामुळं एक झालं, पूर्वीसारखं मार्जिनमधूनच जाहिरातीचा खर्च काढू असं म्हणायची सोय राहिली नाही. म्हणजे कंपनी देत असेल तर ते घेतलंच पाहिजे.

तर को-ऑप फंड म्हणजे काय. तुम्ही कंपनीचा माल घेता, त्या खरेदीवर कंपनी एक ठराविक टक्का बाजूला टाकते, समजा दोन टक्के. वर्षाला ५ लाख ९० हजाराची खरेदी झाली तर ११,८०० तुमच्या नावानं जमा. हे पैसे तुम्हाला असेच हातात मिळत नाहीत. तुम्ही तुमच्या गावात कंपनीच्या मालाची आणि तुमच्या दुकानाची मिळून जाहिरात करायची, खर्च आधी तुम्ही करायचा, मग बिलं आणि पुरावे लावून क्लेम टाकायचा, आणि कंपनी आपला हिस्सा परत देते. हिस्सा बऱ्याच ठिकाणी निम्मा असतो. इथं लोक चुकतात. निम्मा हिस्सा असेल तर ११,८०० मिळवायला तुम्हाला २३,६०० ची जाहिरात करावी लागते, ११,८०० ची केली तर ५,९०० च मिळणार आणि उरलेले तसेच पडून राहणार, आणि वर्ष संपलं की ते गेले, पुढच्या वर्षाला जोडून मिळत नाहीत. परत मिळतात ते पण रोख नाहीत बऱ्याचदा, क्रेडिट नोट येते, पुढच्या मालाच्या बिलातून वजा.

मी एरिया मॅनेजरला फोन केला की हे आम्हाला आधी का नाही सांगितलं. तो बिचारा नवीन होता, म्हणला सर डिस्ट्रिब्यूटरला मेल गेलेला असतो, ते पुढं सांगतात. डिस्ट्रिब्यूटर म्हणला अहो सांगितलं होतं की मीटिंगमध्ये. कुठली मीटिंग, कधी, काही नाही. बरं, डिस्ट्रिब्यूटरचं स्वतःचं पण मोठं रिटेल दुकान आहे आणि त्याच्या दुकानावर दरवर्षी नवा ग्लो साइन बोर्ड लागतो, हे पण मी बघत होतो. मी आरोप करत नाही, त्याचा क्लेम त्यानं कष्टानं केला असेल. पण ज्याला माहिती मिळते त्याचाच फंड वापरला जातो आणि ज्याला मिळत नाही त्याचा लॅप्स होतो, हे काही बरोबर नाही.

मग मी वाचायला लागलो. अमेरिकेत ही पद्धत फार जुनी आहे आणि तिथं हेच भांडण कोर्टात गेलेलं आहे, हे वाचून मला एकदम धीर आला. तिथं १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा आहे, त्यात असं आहे की कंपनीनं एका दुकानदाराला जाहिरातीचा पैसा दिला तर त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या बाकी दुकानदारांनाही त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात तो मिळाला पाहिजे. मोठ्याला मोठा, छोट्याला छोटा, पण मिळाला पाहिजे. आणि फ्रेड मेयर म्हणून पोर्टलंडची एक मोठी सुपरमार्केटची साखळी होती, ती दरवर्षी ७२ पानांचं कुपनचं पुस्तक काढायची, एकेका पानासाठी कंपन्यांकडून किमान ३५० डॉलर घ्यायची. तिथले छोटे दुकानदार माल होलसेलरकडून घ्यायचे, कंपनीकडून थेट नाही, म्हणून त्यांना यातलं काही मिळत नव्हतं. १९६८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की होलसेलरमार्फत माल घेणारा छोटा दुकानदार सुद्धा यात धरायचा. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जे मार्गदर्शन काढलं त्यात असं आलं की नुसता फंड ठेवून भागत नाही, तो आहे हे छोट्या दुकानदारापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीची.

आमचं दुखणं नेमकं हेच तर आहे. फंड आहे, पण सांगितलं कुणी? तिथला कायदा इथं लागू नाही हे मला कळतं, पण ही गोष्ट न्यायाची आहे एवढं कळायला कायदा लागत नाही. मी एरिया मॅनेजरला सरळ मेल लिहिली की इथून पुढं स्कीमचं पत्र डिस्ट्रिब्यूटरला पाठवताना आम्हाला पण थेट पाठवा, आमचा जीएसटी नंबर, आमचं एमडी-४२ रजिस्ट्रेशन सोबत जोडलंय. एमडी-४२ म्हणजे मेडिकल डिव्हाइस विकायचं रजिस्ट्रेशन, २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेलं. ज्यांनी अजून काढलं नसेल त्यांनी आधी ते काढा, क्लेमचं नंतर बघा.

मेलचं उत्तर आलं. स्कीमचं चार पानी पत्र आलं. आणि मी मूर्खासारखा नाही, पण घाईनं पहिला क्लेम केला आणि तो पूर्ण रिजेक्ट झाला. १८,००० चा खर्च केलेला. त्याचं दुःख सांगतो कारण एकेक कारण कामाचं आहे.

मी काय केलं, ओळखीच्या प्रिंटिंगवाल्या काकांकडून दोन मोठे फ्लेक्स करून घेतले, परवानगी काढून लावले, वर्तमानपत्रात टाकायला पाच हजार पत्रकं छापली. सगळं झाल्यावर कंपनीला मेल केली की झालं. पहिली चूक तिथंच. काम सुरू करायच्या आधी अप्रूव्हल पाहिजे, नंतर टाकलेली कितीही चांगली जाहिरात असली तरी ते बघत पण नाहीत. दुसरी, फ्लेक्सवर जागा शिल्लक होती म्हणून काकांनी दुसऱ्या कंपनीच्या नेब्युलायझरचा फोटो टाकला, त्यांना वाटलं भरलेलं चांगलं दिसतं. एकाच जाहिरातीत दोन कंपन्या दिसल्या की क्लेम बाद. तिसरी, लोगोचा निळा रंग काकांच्या मशीनवर जांभळट आला. चौथी, बिल अप्पांच्या नावानं आलं, फर्मच्या नावानं नाही. पाचवी, फ्लेक्सचे फोटो मी नुसते काढले, तारीख आणि ठिकाण दिसणारे नाहीत, आणि वर्तमानपत्रात पत्रक टाकल्याचा तर काहीच पुरावा नाही, पोरांनी सकाळी टाकली आणि झालं.

आणि सहावी, जी कंपनीनं नाही, मी स्वतः पकडली, नशीब. पत्रकाच्या प्रुफमध्ये काकांनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती, "गुडघेदुखी, वात १००% बरा". ती मी छापायच्या आधी काढायला लावली. काका म्हणाले अहो सगळेच लिहितात. सगळे लिहितात म्हणून आपण लिहायचं नाही. औषधे आणि जादूटोणा उपाय, आक्षेपार्ह जाहिराती असा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत संधिवात, डायबेटिस, ब्लड प्रेशर, लकवा अशी दुखणी आहेत, ती बरी करतो म्हणून जाहिरात केली तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा सोडा, नी कॅपनं वात बरा होत नाही हो. आधार मिळतो, चालताना धीर येतो. एखादी म्हातारी बाई ती ओळ वाचून औषध बंद करून नी कॅप घालून बसली तर त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर?

क्लेम रिजेक्ट झाल्यावर मी क्लेम बघणाऱ्या ऑफिसला फोन केला, रागातच केला. पलीकडं एक ताई होत्या, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे एकेक कागद कसा पाहिजे ते अर्धा तास सांगितलं. हे खरं तर त्यांचं काम नव्हतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि ती वही आता काउंटरखाली असते. आधी मेलवर प्लॅन, किती खर्च, कुठल्या तारखांना, आर्टवर्क जोडून. अप्रूव्हल नंबर आला की मगच ऑर्डर. बिल फर्मच्या नावानं, जीएसटीसकट, बिलाची तारीख अप्रूव्हलच्या नंतरची. पेमेंट बँकेतून, म्हणजे पावती आपोआप मिळते. फोटो जागेवरचा, तारीख आणि लोकेशन उमटवणाऱ्या ॲपमधून, एक जवळून आणि एक लांबून ज्यात रस्ता ओळखू येतो. वर्तमानपत्रात जाहिरात असेल तर पूर्ण पान, कात्रण नाही, वरची तारीख दिसली पाहिजे. आणि काम संपल्यापासून किती दिवसांत क्लेम टाकायचा ती मुदत पत्रात असते, आमच्या पत्रात ४५ दिवस होती.

जीएसटीचं तुमच्या सीएला विचाराच, कारण तिथं घोळ झालेला आहे. कंपनीनं नुसता डिस्काउंट दिला तर एक हिशोब, आणि करार करून जाहिरात करण्यासाठी म्हणून पैसे दिले तर तुम्ही कंपनीला सेवा दिली असं धरलं जातं आणि तुम्ही कंपनीच्या नावानं बिल करून त्यावर कर लावायचा. २०१९ च्या जूनमध्ये यावर एक सर्क्युलर आलं, ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परत खुलासा आला, त्यात जाहिरात मोहीम, को-ब्रँडिंग असं स्पष्ट नाव घेऊन सांगितलंय. आमच्या सीएनी पहिली गोष्ट विचारली ती ही की कंपनीच्या पत्रात नेमका शब्द काय आहे. म्हणून ते पत्र जपून ठेवा.

आता दुसऱ्या वेळचं सांगतो, जे मनापासून सांगायचं होतं.

कंपनीचं तयार आर्टवर्क असतं. गुळगुळीत, एक हसरं जोडपं, पांढरे केस, बागेत फिरतायत, वर इंग्रजी किंवा हिंदीत दोन ओळी. सोलापुरात असं जोडपं मी बघितलं नाही. आमच्या काउंटरवर जे येतात त्यांना जोडपं हसरं आहे का ते नको असतं, त्यांना विचारायचं असतं की हा पट्टा कुठल्या साइजचा घेऊ, वॉकर किती उंच पाहिजे, एअर बेडची मोटर रात्रभर चालू ठेवायची का. मी ठरवलं की पत्रकाच्या एका बाजूला कंपनीचं ते जोडपं राहू दे, आणि दुसऱ्या बाजूला मापं कशी घ्यायची ते चित्रानं दाखवायचं. गुडघ्याचं माप, पाय सरळ करून वाटीच्या मधोमध टेप फिरवायची. वॉकरची उंची, पेशंट उभा राहून हात सैल सोडले की मनगटाची घडी जिथं येते तिथं वॉकरची मूठ आली पाहिजे. बीपी बघायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीला. बस एवढंच. चित्रं माझ्या बायकोनं काढली, ती शाळेत शिकवते आणि तिचा हात चांगला आहे.

भाषेचं काय करायचं त्याच्यावर घरात वाद झाला. मी म्हणलं मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही छापू. अप्पा म्हणाले कन्नड छाप, तेलुगू छापू नको. मला वाटलं अप्पा उगाच म्हणतात, सोलापूरच्या पूर्व भागात अख्ख्या गल्ल्याच्या गल्ल्या घरात तेलुगू बोलतात. पण अप्पांचं बरोबर होतं. ती माणसं तेलुगू बोलतात, वाचतात मात्र मराठी, पोरं मराठी शाळेत गेलेली, आणि जुन्या बायकांना तर कुठलीच लिपी येत नाही. छापलेलं तेलुगू पत्रक तिथं वाचणार कोण? तर तिथं छापील नको, कानावर गेलं पाहिजे. म्हणून पत्रक मराठी-कन्नडमध्ये, आणि पूर्व भागासाठी रिक्षा आणि भोंगा, त्यावर तेलुगूतून आवाज. आवाज आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या अण्णांनी दिला, त्यांची आई विड्या वळायची, त्यांना कसं बोलायचं ते सांगावं लागलं नाही.

कंपनीनं कन्नड आणि तेलुगू मजकुराला अप्रूव्हल द्यायला तीन आठवडे घेतले, प्रत्येक ओळीचा इंग्रजी अर्थ लिहून पाठवायला लावला. ठीक आहे, त्यांचं नाव जाणार आहे, त्यांनी तपासलं पाहिजे. भोंग्यासाठी पोलिसांची परवानगी काढली, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावता येत नाही आणि आम्हाला लावायचाही नव्हता, दवाखान्यासमोरून जाताना बंद ठेवायचा हे रिक्षावाल्याला बजावून सांगितलं होतं. रिक्षावाल्याकडं जीएसटीचं बिल कुठून असणार, म्हणून एका छोट्या जाहिरात एजन्सीमार्फत रिक्षा लावली, तिनं थोडं कमिशन घेतलं पण बिल पक्कं मिळालं. फ्लेक्स या वेळी केलाच नाही. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, एप्रिल-मेमध्ये दोन महिन्यात फ्लेक्सवरचा माणूस पांढरा पडतो, त्यापेक्षा पत्रक घरात कपाटाला चिकटवलं तर वर्षभर राहतं.

एक मधली गोष्ट. प्लॅन चालू असताना दुसऱ्याच एका कंपनीचा माणूस आला आणि म्हणला साहेब जाहिरात कशाला, त्याच फंडात अमुक डॉक्टरांना काहीतरी देऊ, मी बिल जाहिरातीचं करून देतो, चिठ्ठ्या तुमच्याकडं वळतील. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणलं. २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी आणि मग मेडिकल डिव्हाइस कंपन्यांसाठी पण मार्केटिंगची आचारसंहिता आली, डॉक्टरांना भेटवस्तू देणं त्यात बंद आहे. आणि खोटं बिल ते खोटंच. पण मला जास्त हे टोचलं की ते पैसे ज्याच्यासाठी आहेत तो माणूस, गुडघा धरून जिना चढणारा, त्याच्यापर्यंत यातला एक रुपया पण गेला नसता.

भोंगा फिरला त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी, उन्हात, एक आजी आल्या, सोबत दहा-बारा वर्षांचा नातू. दुकानात शिरल्या आणि कनवटीला खोचलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. दोरा होता. विडी बांधायचा असतो ना तो बारीक दोरा, त्याला दोन ठिकाणी गाठ मारलेली. आमच्या पोराला कळेना. नातू म्हणला, "अण्णा, आजोबाच्या गुडघ्याचं माप हाय. रिक्षात सांगितलं होतं वाटीवरनं मोजा म्हणून." आजोबांना घरातून बाहेर पडता येत नव्हतं. घरात टेप नव्हती. त्यांनी जे हाताशी होतं त्यानं मोजलं आणि दोन गाठी मारून आणल्या. मी टेप काढली, दोरा सरळ धरला, गाठीपासून गाठीपर्यंत मोजलं, आणि लार्ज साइज काढून दिली. दुसऱ्या दिवशी नातू परत आला, मला वाटलं बदलायला आला, तर तो म्हणला बरोबर बसलं, आता काठी पण द्या.

तो दोरा मी मागून घेतला. वहीत चिकटवलाय.

या वर्षी आणखी एक गोष्ट करतोय. बार्शी, पंढरपूर आणि अक्कलकोटचे तीन ओळखीचे दुकानदार, त्यांचा प्रत्येकाचा फंड इतका छोटा की एकट्यानं काही होत नाही, म्हणून ते बिचारे सोडूनच देतात. आम्ही चौघांनी मिळून एकच जाहिरात करायची असं ठरवलंय, वर कंपनीचा माल, मापाची चित्रं, खाली चार गावं आणि चार दुकानांची नावं. कंपन्या स्वतः अशा जाहिराती करतात, खाली डीलरची यादी असते तशी. कंपनीला आधी शंका होती की चार दुकानं एकत्र कशी, पण आमची गावं वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, एकमेकांचं कुणी खात नाही, हे समजावल्यावर त्यांनी हो म्हणलं. अट एकच, बिल चार पाहिजेत, एजन्सीनं प्रत्येक फर्मच्या नावानं वेगळं आणि प्रत्येकावर अप्रूव्हल नंबर वेगळा. पंढरपूरवाल्याचं म्हणणं आषाढीच्या आधी व्हायला पाहिजे, चालून आलेल्या माणसाला क्रेप बँडेज आणि नी कॅप तेव्हाच लागते, ते बरोबर आहे, म्हणून अप्रूव्हलसाठी एप्रिलमध्येच मेल टाकणार.

मागच्या क्लेमचं सांगायचं राहिलं. खर्च २२,४०० झाला होता, निम्मे ११,२०० मंजूर झाले, एकही कागद परत आला नाही. फक्त क्रेडिट नोट अजून डिस्ट्रिब्यूटरकडं अडकलीये, तो म्हणतोय कंपनीकडून आली नाही, कंपनी म्हणतीये नऊ तारखेलाच पाठवली. अप्पा आता रोज रात्री नोटा मोजून झाल्या की विचारतात, आली का रे ती नोट. सोमवारी मी स्वतः डिस्ट्रिब्यूटरच्या ऑफिसला जाऊन बसणार आहे, कंपनीच्या मेलची प्रिंट घेऊन.

कुणाला अप्रूव्हलच्या मेलचा नमुना किंवा वहीतली ती पानं पाहिजे असतील तर दुकानात या, झेरॉक्स काढून देतो. मापाची चित्रं पण घेऊन जा, तुमच्या दुकानाचं नाव टाकून छापा, बायकोला विचारलंय, ती हो म्हणलीये.